वज्जींचे गणराज्य आणि आजचे भारतीय प्रजासत्ताक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रजासत्ताक दिन जवळ आला की वैशालीचे नाव हटकून निघते. मग अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे संसदच होती असे एक बाजू छातीठोकपणे सांगते, आणि ती सगळी दंतकथा आहे असे म्हणून दुसरी बाजू विषय झटकून टाकते. दोन्ही विधाने घाईची आहेत. पाली, जैन आणि संस्कृत ग्रंथांत प्राचीन गणराज्यांविषयी जे सांगितले आहे, ते भारतीय संविधानातील तरतुदींशेजारी ठेवून पाहिले असता काय दिसते, ते पुढील उत्तरांत मांडले आहे.

वज्जी म्हणजे कोण, आणि त्यांचे राज्य कुठे होते?

गंगेच्या उत्तरेला, आजच्या उत्तर बिहारमध्ये, इ. स. पू. सहाव्या-पाचव्या शतकांत वज्जी किंवा वृजी नावाचा संघ नांदत होता. लिच्छवी, विदेह, ज्ञातृक अशी क्षत्रिय कुळे त्यात एकत्र आली होती. त्यांत लिच्छवी प्रबळ होते आणि त्यांची वैशाली हीच संघाची राजधानी होती. वर्धमान महावीर ज्ञातृक कुळातले. जैन परंपरेनुसार त्यांची आई त्रिशला ही वैशालीचा प्रमुख चेटक याची बहीण होय. वैशालीचे अवशेष आजच्या बसाढ गावाजवळ आहेत आणि तिथल्या टेकाडाला स्थानिक लोक ‘राजा विशाल का गढ’ म्हणतात. राजा नसलेल्या नगरीच्या ढिगाऱ्याला राजाचे नाव चिकटावे, हा काळाचा विनोदच म्हणायचा. या परिसरात झालेल्या उत्खननांपैकी १९५७-५८ चे महत्त्वाचे उत्खनन मराठी इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांच्या नेतृत्वाखाली झाले होते.

गंगेच्या दक्षिण तीरावर मगधाची राजेशाही होती. एका काठावर सभा आणि दुसऱ्या काठावर सिंहासन, अशी ही शेजारी-शेजारी असलेली दोन राज्ये होती, आणि त्यांतले दुसरे दिवसेंदिवस वाढत होते.

वैशालीला ‘जगातील पहिली लोकशाही’ म्हणावे का?

म्हणू नये. ‘पहिली’ हे सिद्ध करता येत नाही, आणि ‘लोकशाही’ हे उपलब्ध पुराव्यात बसत नाही. गणात सत्ता एका माणसाच्या हाती नव्हती, ती सभेच्या हाती होती, एवढे निश्चित आहे. परंतु त्या सभेत बसण्याचा अधिकार जन्माने, म्हणजे ठरावीक क्षत्रिय कुळात जन्मल्याने मिळत असे. त्यामुळे ही राजेशाही नव्हती आणि आजच्या अर्थाने लोकशाहीही नव्हती. कुलीनांची सामूहिक सत्ता हे तिचे अधिक अचूक वर्णन ठरेल. ग्रीसमधील अथेन्स येथे इ. स. पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीसच्या सुधारणांनंतर सामान्य स्वतंत्र पुरुष नागरिकही सभेत बसू लागले. तेथेही स्त्रिया, दास आणि परके वगळलेलेच होते, तरी सभेचे दार वैशालीपेक्षा अधिक रुंद होते.

‘तिथे मतदान होत होते का?’ हा प्रश्न नेहमी आधी विचारला जातो. माझ्या मते ‘सभागृहात बसत कोण होते?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची नावे यादीत आली. त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि कुळ तर कोणी विचारलेच नाही. मताधिकाराचे वय १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ वर आले. वज्जींच्या आणि आपल्या व्यवस्थेतले खरे अंतर या एका अनुच्छेदात आहे. बाकीचे फरक त्यानंतर येतात.

वैशालीत ७,७०७ राजे होते, हे खरे का?

हा आकडा जातककथांत, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मीच्या पाली कथांत, येतो. एकपण्ण जातकात वैशालीत ७,७०७ राजे, तितकेच उपराजे, तितकेच सेनापती आणि तितकेच भांडागारिक होते असे म्हटले आहे. असे आकडे शब्दशः घेण्याचे कारण नाही. त्यातून एवढेच समजावे की ‘राजा’ ही तेथे एका व्यक्तीची पदवी नव्हती, सभासद कुळांच्या प्रमुखांची होती. दुसऱ्या एका जातकात हे सर्व राजे वादविवादाची आवड असणारे होते असा शेरा आहे. ललितविस्तर या संस्कृत बुद्धचरित्रात तर त्यांच्यावर टीकाच आहे : तेथे जो तो ‘मी राजा, मी राजा’ असे मानतो, थोरला-धाकटा कोणी पाहत नाही. कौटिल्यानेही लिच्छवी, वृजी, मल्ल आदी संघांना ‘राजशब्दोपजीवी’, म्हणजे राजा या पदवीवर जगणारे, असे म्हटले आहे आणि त्या शब्दात थोडा कुत्सितपणा ऐकू येतो.

या पदवीला किती जपले जाई, हे भद्दसाल जातकातल्या एका प्रसंगावरून कळते. राजकुळांच्या अभिषेकाचे पाणी ज्या पुष्करिणीतून घेतले जाई, तिच्या आत-बाहेर पहारा असे आणि पाखरूसुद्धा आत शिरू नये म्हणून वर लोखंडी जाळे पसरलेले असे. कोसलचा सेनापती बंधुल मल्ल याची पत्नी मल्लिका हिला गरोदरपणी त्या पाण्यात स्नान करण्याचे डोहाळे लागले. बंधुलाने पहारेकऱ्यांना हुसकावून, जाळे तोडून ते पुरवले, आणि त्या एवढ्या कारणावरून लिच्छवी त्याच्या पाठलागावर निघाले. कथा रंगवलेली असेल. पण सत्ता किती थोड्या घरांत वाटलेली होती याची कल्पना त्या जाळ्यावरून येते.

सभेचे कामकाज कसे चालत असे?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. लिच्छवींच्या सभागृहाला ‘संथागार’ म्हणत आणि सभेसाठी नगारा वाजवला जाई, इतपत माहिती मिळते. पण सभेच्या कामकाजाची नियमावली आपल्या हाती नाही. जी सविस्तर नियमावली उपलब्ध आहे ती विनयपिटकातली, म्हणजे बौद्ध भिक्षुसंघाची आहे. भाषणांतून आणि लेखांतून ही दोन्ही सरसकट एक केली जातात.

भिक्षुसंघाचे नियम मात्र खरोखर थक्क करणारे आहेत. बैठकीत आसने मांडण्यासाठी वेगळा अधिकारी असे. विषय आधी ‘ञत्ति’ म्हणून, म्हणजे प्रस्ताव म्हणून मांडावा लागे. साध्या कामासाठी तो एकदा आणि गंभीर कामासाठी तीनदा घोषित करून, ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे आणि ज्याला अमान्य असेल त्याने बोलावे, असे विचारले जाई. कोणत्या कामाला किमान किती भिक्षू हवेत याची संख्या ४, ५, १० आणि २० अशी ठरलेली होती. आजारी भिक्षूला आपली संमती दुसऱ्याकरवी पाठवता येत असे.

लोकसभेतही विधेयकाची तीन वाचने होतात आणि अनुच्छेद १०० नुसार एकूण सदस्यसंख्येचा एक-दशांश, म्हणजे ५४३ पैकी किमान ५५ सदस्य, गणपूर्तीसाठी लागतात. साम्य डोळ्यांत भरते, पण ते वारशाचे साम्य नाही. आपल्या संसदेची कार्यपद्धती ब्रिटिश संसदेकडून, वसाहतकालीन विधिमंडळांच्या मार्गाने आली आहे. माणसे समान अधिकाराने एकत्र बसून निर्णय घेऊ लागली की बहुधा अशाच नियमांची गरज पडते.

त्या काळी गुप्त मतदान होते, असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

भिक्षुसंघापुरते ते खरे आहे, पण पुढची ओळ सहसा कोणी वाचत नाही. एकमत होत नसेल तेव्हाच बहुमताचा, म्हणजे ‘येभुय्यसिका’चा मार्ग घेतला जाई. त्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या काड्या, म्हणजे शलाका, वाटल्या जात. त्या वाटणारा शलाकाग्राहापक पक्षपात, द्वेष, अज्ञान आणि भय यांपासून मुक्त असावा आणि कोणी शलाका घेतली व कोणी घेतली नाही हे त्याला कळावे, अशी अट होती. मत घेण्याचे तीन प्रकार होते : गुप्त, कानात सांगून, आणि उघड. पहिल्या प्रकारात शलाका वाटणारा प्रत्येकाला ‘ही या मताची, ही त्या मताची, हवी ती घे, पण कोणाला दाखवू नकोस’ असे सांगे.

आता ती पुढची ओळ. मोजणीत अधर्माची बाजू घेणारे अधिक निघाले, तर ‘शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत’ असे म्हणून ते मतदान रद्द करण्याची मुभा शलाकाग्राहापकाला होती. उघड मतदान घ्यायचे, तेही धर्माच्या बाजूचे अधिक आहेत हे आधी ठाऊक असेल तेव्हा. धर्मसंघाच्या दृष्टीने हे सुसंगतच होते, कारण सत्य हे डोकी मोजून ठरत नाही अशी त्याची धारणा होती. पण मतमोजणी अधिकाऱ्याला निकाल पसंत नाही म्हणून फेरमतदान, हे आज कोणत्याही न्यायालयात क्षणभरही टिकणार नाही.

उघड की गुप्त हा पेच मात्र अजून सुटलेला नाही. लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत मत गुप्त असते. राज्यसभेच्या निवडणुकीत मत देणाऱ्या पक्षाच्या आमदाराला २००३ च्या कायदादुरुस्तीपासून आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.

डॉ. आंबेडकरांनी याविषयी नेमके काय म्हटले होते?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात त्यांनी सांगितले की भारताला लोकशाही ठाऊक नव्हती असे नाही, एके काळी हा देश गणराज्यांनी भरलेला होता. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, शलाकांनी मतदान हे सर्व बौद्ध भिक्षुसंघांना अवगत होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हे नियम बुद्धांनी तत्कालीन राजकीय सभांकडून घेतले असावेत, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क सयुक्तिक आहे, कारण बुद्ध स्वतः शाक्यांच्या गणातले होते आणि गणांतही मत घेतले जात असल्याच्या खुणा आहेत : कपिलवस्तूला वेढा पडला असता वेशी उघडाव्यात की नाही यावर शाक्यांनी बहुमत घेतल्याची कथा तिबेटी विनयपरंपरेत आहे.

त्या भाषणाचा पूर्वार्ध वारंवार सांगितला जातो. बाबासाहेबांचा रोख उत्तरार्धात होता : ही व्यवस्था भारताने एकदा गमावली, ती तो पुन्हा गमावील काय, असे त्यांनी लगेच विचारले, आणि सामाजिक-आर्थिक विषमता राहिली तर राजकीय समता धोक्यात येईल असा इशारा दिला. प्राचीन गणांचा दाखला त्यांनी मिरवण्यासाठी दिलेला नव्हता.

स्त्रिया, दास आणि कष्टकरी यांना गणात काही स्थान होते का?

सभेत नव्हते. आम्रपाली वैशालीची सर्वांत प्रसिद्ध रहिवासी. तिच्याकडे आमराई होती, रथ होते, संपत्ती होती. बुद्धांना भोजनाचे निमंत्रण देण्यात तिने लिच्छवींवर मात केली; तो मान आम्हाला दे, लाख देतो, असे लिच्छवी म्हणाले, तेव्हा परगण्यासह सारी वैशाली दिलीत तरी देणार नाही, असे तिने उत्तर दिले. इतकी निर्भय स्त्रीही संथागारात बसू शकत नव्हती.

शाक्य आणि कोलिय या शेजारी गणांतील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मराठी वाचकांना परिचित आहे. जातकाच्या प्रस्तावनेत हा तंटा आधी शेतात राबणाऱ्या दासांत आणि मजुरांत लागतो आणि मग वर राजकुळांपर्यंत जातो. पाणी कमी पडल्याची झळ ज्यांना लागली ते एक, आणि युद्ध करायचे की नाही हे ठरवणारे दुसरे.

आजचे चित्रही निर्दोष नाही. संसद व विधानसभांत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती संमत व्हायला २०२३ साल उजाडले.

त्यांच्याकडे कायदा आणि न्यायालये होती का?

दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथावरील अट्ठकथेत, म्हणजे टीकेत, वज्जींच्या न्यायपद्धतीचे वर्णन आहे. पकडलेल्या माणसाला आधी विनिश्चय-महामात्रापुढे नेत, आणि मग व्यावहारिक, सूत्रधर, अष्टकुलक, सेनापती, उपराजा अशा पायऱ्या चढत प्रकरण राजापर्यंत जाई. कोणत्याही पायरीवर तो निर्दोष वाटला तर तेथूनच सोडून देत. शिक्षा मात्र शेवटच्याच पायरीवर, ‘पवेणिपोत्थक’ या पूर्वनिर्णयांच्या पोथीनुसार होई. ही अट्ठकथा इ. स. च्या पाचव्या शतकात श्रीलंकेत रचलेली असल्याने हे वर्णन कितपत वास्तवाचे आणि कितपत आदर्शाचे, असा संशय घेणे योग्यच आहे. तरी सोडणे सोपे आणि शिक्षा देणे अवघड ही कल्पना आजच्या फौजदारी न्यायाला परकी वाटत नाही. गणाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येईल अशी जागा मात्र गणाबाहेर नव्हती. आज संसदेने केलेल्या कायद्यालाही न्यायालयात आव्हान देता येते, आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालानंतर संविधानाची मूलभूत चौकट घटनादुरुस्तीनेही मोडता येत नाही.

बुद्धांनी वज्जींच्या संदर्भात सांगितलेले सात नियम कोणते, आणि ते आजच्या संसदेला लावता येतील का?

मगधराजा अजातशत्रूला वज्जींवर चढाई करायची होती. त्याने आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूटावर बुद्धांकडे पाठवले. बुद्धांनी वस्सकाराला थेट उत्तर न देता शेजारी उभ्या असलेल्या आनंद या शिष्याला सात गोष्टी विचारल्या. वज्जी वारंवार आणि मोठ्या संख्येने सभा भरवतात का? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि एकोप्याने कामे करतात का? जे ठरलेले नाही ते नव्याने न ठरवता आणि जे ठरलेले आहे ते न मोडता जुन्या वज्जीधर्माप्रमाणे चालतात का? वडीलधाऱ्यांचा मान राखतात का? कुलस्त्रियांना आणि मुलींना बळाने पळवून नेत नाहीत ना? आपली चैत्ये पूजतात का? अर्हतांना संरक्षण देतात का? हे आहे तोवर वज्जींची वृद्धीच होईल, ऱ्हास होणार नाही, असे बुद्ध म्हणाले.

यांतला पहिला नियम आजही जसाच्या तसा लागू आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये, असे अनुच्छेद ८५ सांगतो. मात्र ही किमान अट आहे आणि ‘वारंवार’ या शब्दाची बरोबरी ती करू शकत नाही. दुसऱ्या नियमाशी आपले जमत नाही, आणि ते जमू नये हेच बरे. एकोपा हा गणाचा प्राण होता, कारण तेथे विरोधाला मान्य अशी जागा नव्हती. आपण विरोधी पक्षनेत्याला १९७७ च्या कायद्याने वेतन आणि दर्जा दिला आहे, म्हणजे मतभेदासाठी सरकारी तिजोरीतून खर्च करतो.

तिसऱ्या नियमात दोन्ही व्यवस्था अगदी उलट दिशांना तोंड करून उभ्या आहेत. जुने मोडू नये आणि नवे करू नये, असे गणाला सांगितले जाते. नवे कायदे करणे हे तर संसदेचे मुख्य कामच आहे, आणि संविधानातही २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या आहेत. ज्या समाजात अस्पृश्यता हीच जुनी चाल होती, तेथे अनुच्छेद १७ हा जुने मोडूनच लिहावा लागला.

इतका भक्कम गण कोसळला कसा?

बुद्धांचे उत्तर ऐकून वस्सकाराने आपल्या कामाचा अर्थ काढला : वज्जी युद्धाने जिंकता येणार नाहीत, त्यांना गोड बोलून किंवा त्यांच्यात फूट पाडूनच जिंकावे लागेल. पुढची हकीकत अट्ठकथेत येते. राजाशी भांडण झाल्याचे सोंग करून वस्सकार वैशालीत आश्रयाला आला. लिच्छवींनी त्याला ठेवून तर घेतलेच, वर न्यायदानाचे कामही दिले. मग तो एखाद्या लिच्छवीला सर्वांदेखत बाजूला नेई आणि हळूच विचारी, ‘शेत नांगरता ना?’ तो म्हणे, ‘हो, दोन बैल जोडून.’ एवढेच बोलून वस्सकार निघून जाई. दुसरा येऊन पहिल्याला विचारी, ‘आचार्य काय म्हणाले?’ पहिला खरे ते सांगे, आणि दुसऱ्याला ते खोटे वाटे, कारण एवढ्या क्षुल्लक प्रश्नासाठी कोणी कोणाला बाजूला नेत नाही. दुसऱ्या कोणाला तो ‘आज कालवण काय होते?’ असे विचारी. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने चालेनासे झाले. अजातशत्रू चालून आला आणि सभेचा नगारा वाजला, तेव्हा ‘जे शूर आणि थोर असतील त्यांनी जावे’ असे म्हणून कोणीच आले नाही.

जैन परंपरेत हे युद्ध दीर्घ आणि भीषण आहे, महाशिलाकंटक आणि रथमुसल नावाची यंत्रे त्यात वापरली जातात, आणि तोच भाग इतिहासाला अधिक जवळचा असण्याची शक्यता आहे. तरीही गणाचा घात फुटीने होतो ही समजूत त्या काळी सर्वत्र होती. कौटिल्याने अर्थशास्त्राचे अकरावे अधिकरण संघांत भेद कसा पाडावा यावरच लिहिले. शांतिपर्वात भीष्मही गणांना आतल्या भेदाचेच भय सांगतात, पण त्यांचा उपाय वेगळा आहे : मसलत सर्व गणाच्या कानी जाऊ देऊ नये, ती प्रमुखांपुरतीच ठेवावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या अगदी विरुद्ध टोकाचा हा सल्ला आहे.

गणांत राजकीय पक्ष होते का?

आजच्यासारखे नव्हते, कुळांचे गट होते. प्रत्येक ‘राजा’ स्वतःच्या कुळाच्या बळावर बोलत असे आणि त्याचे पद कोणी काढून घेत नसे. १९८५ मध्ये आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे आज पक्षादेशाविरुद्ध मत देणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. फूट रोखण्याचा हा उपाय आहे खरा, पण त्याची किंमत म्हणून सभागृहातली चर्चा ऐकून कोणी मत बदलण्याची शक्यता जवळजवळ संपली.

गणराज्ये नंतर कधी नाहीशी झाली?

वैशालीच्या पराभवाने ती संपली नाहीत. पुढे कित्येक शतके मालव, आर्जुनायन, यौधेय हे गण टिकून राहिले. यौधेयांनी आपल्या नाण्यांवर राजाचे नाव न घालता ‘यौधेयगणस्य जयः’ असे कोरले. चौथ्या शतकात अलाहाबाद स्तंभलेखात समुद्रगुप्ताला करभार देणाऱ्यांच्या यादीत ही नावे येतात, आणि त्यानंतर ती हळूहळू दिसेनाशी होतात. त्याच लेखात समुद्रगुप्त स्वतःला अभिमानाने ‘लिच्छवि-दौहित्र’ म्हणवतो. त्याची आई कुमारदेवी लिच्छवींची होती.

आजच्या कोणत्या संस्थेशी गणाची तुलना सर्वांत जवळची ठरेल?

संसदेपेक्षा ग्रामसभेशी. संसदेत प्रतिनिधी बसतात, तर ग्रामसभेत अनुच्छेद २४३ नुसार गावच्या मतदारयादीतले सर्वजण स्वतः बसतात, आणि समोरासमोर बसून ठरवणे हाच गणाचा गाभा होता. फरक अर्थातच मोठा आहे : ग्रामसभेत कुळाचा प्रश्न नाही, आणि महाराष्ट्रात तर तिच्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे.

एका बाबतीत मात्र विनयाचे नियम आपल्यापेक्षा कडक होते. गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब होणे महाराष्ट्रात नित्याचे आहे, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट राहत नाही. मग पाच-पंचवीस माणसांत साऱ्या गावाचे ठराव होतात. भिक्षुसंघात ठरलेल्या संख्येहून कमी भिक्षूंनी केलेले काम झालेच नाही असे मानत. अवंती आणि दक्षिणापथ या दूरच्या मुलखांत भिक्षू विरळ असल्याने उपसंपदेसाठी, म्हणजे भिक्षूच्या पूर्ण दीक्षेसाठी, लागणारे दहा जण जमवायला तीन वर्षे लागली, तेव्हा तेथे ही संख्या उतरवण्यात आली. पण ती पाचावर आणून थांबवली, आणि त्या पाचांत एक तरी विनयाचा जाणकार असलाच पाहिजे, अशी अट घातली.